मांडी दगड करा, बाबा

आमच्या कारखान्यात दरवर्षी रक्तदान शिबिर भरतं आणि दरवर्षी तिथे सगळ्यात जास्त मी राबतो. खाटा लावून घेतो, पंखे मागवतो, रक्त देऊन उठलेल्यांच्या हातात केळी आणि कॉफी देतो. नाशिकच्या अंबडला मशीन शॉपचा सुपरवायझर म्हणून मला बरीच वर्षं झाली, पण मी स्वतः एकदाही त्या खाटेवर आडवा झालेलो नाही, हे कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. अंगानं मी आडदांड आहे. पूर्वी कुस्त्या मारायचात का, असं नवीन माणसं हमखास विचारतात. अशा माणसाला सुई पाहिली की घाम फुटतो, कानात शिटी वाजायला लागते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, हे कोण खरं मानणार? रक्ताचं मला काही वाटत नाही. मशीनवर बोट कापलेल्या माणसाला मी स्वतः उचलून दवाखान्यात नेलेलं आहे. सुई कातडीत शिरते तेवढंच मला बघवत नाही. लग्नानंतर कित्येक वर्षं बायकोलाही हे ठाऊक नव्हतं.

मुलगी सहा वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर असल्याचं कळलं. आधी ताप येत-जात होता. पायांवर निळे डाग दिसायचे. खेळाच्या तासाला ही एका जागी बसून राहते, असा शाळेतून बाईंचा फोन आला. मग एका डॉक्टरांनी दुसऱ्यांकडे पाठवलं, त्यांनी तिसऱ्यांकडे, असं करत आम्ही एका हॉस्पिटलच्या मुलांच्या कॅन्सर वॉर्डात येऊन पोचलो. डॉक्टर म्हणाले, उपचार लांब चालतील, पण या आजारातून पुष्कळ मुलं बरी होतात. बायको एकेक गोष्ट नीट विचारून घेत होती. मी नुसती मान हलवत होतो. हिला आता किती सुया टोचतील आणि त्या वेळी मी कुठे उभा असेन, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. स्वतःच्या मुलीचं असं झालेलं असताना आपल्याला हे सुचतंय, याची मला त्या खुर्चीतच लाज वाटली.

पहिल्याच दिवशी सलाइनची सुई लावायची होती. तिची शीर सापडेना. ती किंचाळायला लागली तशी सिस्टरनी मदतीला माणसं बोलावली. एकीनं खांदे धरले, एकीनं हात, बायकोनं डोकं, आणि सिस्टर मला म्हणाल्या, "बाबा, तुम्ही पाय धरा." मी पाय धरले आणि डोळे मिटून घेतले. पण तिचा आवाज इतका चढला, की मी डोळे उघडले. नेमकी तेव्हाच सुई आत जात होती. पुढचं मला आठवत नाही. बायकोनं सांगितलं, मी शेजारच्या ट्रेवर पडलो आणि सगळी भांडी खणखणत खाली आली. सिस्टर तिचा हात सोडून माझ्याकडे धावल्या.

शुद्धीवर आलो तेव्हा मला मुलांच्या वॉर्डातल्या एका छोट्या खाटेवर निजवलेलं होतं. माझे पाय खाटेबाहेर लोंबत होते, म्हणून खाली स्टूल ठेवलं होतं. कुणीतरी लिंबू सरबत आणलं. समोरच्या खाटांवरची, डोक्यावरचे केस गेलेली पोरं उठून बसली होती आणि मला बघत होती. माझी मुलगी रडायची थांबली होती. तिचं तोंड उघडंच होतं, आणि आवाज येत नव्हता.

दुपारी तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही का पडलात?"

"सकाळपासून काही खाल्लं नव्हतं ना, म्हणून चक्कर आली."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही तिघं सकाळी घरून पोहे खाऊनच निघालो होतो.

त्यानंतर सुईची वेळ आली की मला काहीतरी काम निघायचं. औषधं आणायची असायची, कारखान्यातून फोन यायचा, नाहीतर गाडी हलवायची असायची. गाडी हलवायच्या कामात मला एक जोडीदार मिळाला. लासलगावच्या मार्केटात कांद्याची आडत असलेले ते गृहस्थ. वॉर्डात सगळे त्यांना शेठ म्हणायचे. त्यांची पोरगी दहाएक वर्षांची होती, माझ्या मुलीच्या शेजारच्या खाटेवर. मार्केटात शेकडो माणसांपुढे लिलाव पुकारणारा हा माणूस सिस्टर ट्रॉली घेऊन येताना दिसली, की आवाज खाली आणून म्हणायचा, "भाऊ, माझी गाडी नीट लागली नाय. येता का जरा?"

आम्ही खाली जायचो, चहा घ्यायचो. गाड्या जिथल्या तिथे असायच्या. दोघांनाही कळत होतं, पण दोघंही कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहायचो. वर आमच्या बायका पोरींना धरून बसलेल्या असायच्या. चहाचा कप हातात असताना वरच्या मजल्याच्या खिडक्यांकडे बघायचं मी टाळायचो.

त्या वॉर्डाला लागून एक खोली होती. तिथे एक बाई रोज यायच्या. मुलं त्यांना खेळताई म्हणायची. कापडी बाहुल्या, खोटं सलाइन, सुई नसलेल्या सिरिंजा, साबणाचे फुगे, असं सामान त्या बाळगून असायच्या. मुलाला काय करणार आहेत ते आधी बाहुलीवर करून दाखवायचं, आणि मग मुलालाच डॉक्टर व्हायला सांगायचं. दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगायचं, किती वेळ दुखेल तेही सांगायचं. टोचायच्या जागी तासभर आधी बधिर करणारं मलम लावायचं. आणि मुलाला पाठीवर पाडून चौघांनी दाबून धरायचं नाही. ही पद्धत वॉर्डात नुकतीच सुरू झाली होती आणि सगळ्याच सिस्टर अजून तिच्यात रुळल्या नव्हत्या.

माझ्या मुलीला ती खोली आवडायला लागली. शेठच्या पोरीबरोबर ती तिथे तासन्‌तास बाहुलीला तपासत बसायची. सुई लावतानाचं ओरडणंही कमी झालं, असं बायको सांगायची. मी ते ऐकून घ्यायचो. मी तिथे नसायचोच.

मग मणक्यातून पाणी काढून तिथे औषध द्यायचा दिवस आला. मुलांना त्यासाठी थोडी गुंगी देतात, आणि त्याआधी पोट रिकामं ठेवावं लागतं. खेळताईंनी बाहुलीला कुशीवर निजवून तिला सगळं दाखवलं होतं. तिला काही शंका नव्हत्या. त्या सकाळी मी रजा टाकून गेलो होतो, कारण आत आई-बापांना थांबायला देत नाहीत, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं.

गुंगी देणाऱ्या डॉक्टर बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "बाळा, सकाळी काही खाल्लंस का?"

"हो," ती म्हणाली. "चार बिस्किटं."

बायको चमकली. "कधी? कुणी दिली?"

"मीच घेतली पिशवीतून. तू अंघोळीला गेलीस तेव्हा."

"अगं, तुला सांगितलं होतं ना, खायचं नाही म्हणून?"

"न खाऊन कसं चालेल?" ती अगदी समजावून सांगावं तशी बोलली. "बाबांनी खाल्लं नव्हतं तर बाबा पडले. मी पडले तर मला कोण उचलणार? तुला उचलता येत नाही आणि बाबा खाली जातात."

तिथे डॉक्टर बाई होत्या, दोन सिस्टर होत्या, खेळताई होत्या आणि दारात शेठ उभे होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला सोपं गेलं असतं. डॉक्टर बाईंनी आजचं उद्यावर ढकललं आणि त्या दुसऱ्या मुलाकडे गेल्या. बायको पिशवी आवरायला लागली. पिशवीत आवरण्यासारखं काही नव्हतं.

खेळताईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. तिथल्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या. मी चटईवर बसलो.

"बाबा, खरं काय झालं होतं त्या दिवशी?"

मी इकडचं तिकडचं बोललो. शेवटी मी सांगितलं. बोलताना मी त्यांच्याकडे न बघता एका बाहुलीच्या हाताला लावलेली चिकटपट्टी बघत होतो. मान वर केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नवल वगैरे काही नव्हतं.

"पुष्कळांना होतं," त्या म्हणाल्या. "तिला सांगा."

"सहा वर्षांच्या मुलीला? बाप घाबरतो म्हणून?"

"तिनं तुम्हाला पडताना बघितलंय. घाबरता हे तिला कळलंय. कशाला घाबरता तेवढं कळलेलं नाही. म्हणून ती सगळ्यालाच घाबरतेय, रिकाम्या पोटालासुद्धा."

मला राग आला. बरोबर बोलल्या म्हणूनच आला असावा. मी उठून गॅलरीत गेलो आणि बराच वेळ तिथेच थांबलो. मग आत येऊन मुलीच्या खाटेवर बसलो.

"मी त्या दिवशी पोहे खाल्ले होते," मी म्हणालो.

"मग?"

"मला सुईची भीती वाटते. सुई आत जाताना बघितली की मी पडतो. लहानपणापासून."

तिनं मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "एवढे मोठे असून?"

"हो."

"दुखतं म्हणून?"

"दुखायच्या आधीच भीती वाटते."

"मला पण आधीच वाटते," ती म्हणाली. "मग तुम्ही खाली गाडीला जाता ते त्याच्यासाठी?"

मी हो म्हणालो. शेजारच्या खाटेवर शेठची पोरगी पांघरुणातून ऐकत होती. तिनं मान वळवून आपल्या बापाकडे पाहिलं. शेठ मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मुलगी उपाशीपोटी शांतपणे आत गेली. मणक्याचं झालं, गुंगी उतरली, तिनं खिचडी खाल्ली. आणि मग जाहीर केलं, की पुढची हाताची सुई ती बाबांच्या मांडीवर बसून घेणार. आई बारीक आहे, मांडी पुरत नाही, हे कारण.

मला नाही म्हणायची सोय उरली नाही. खेळताईंनी कसं बसायचं ते दाखवलं. तिनं माझ्याकडे तोंड करून मांडीवर बसायचं, पाय माझ्या कमरेभोवती, गाल खांद्यावर. तिचा हात माझ्या बगलेखालून मागे काढलेला. सिस्टर माझ्या पाठीमागे टेबलाशी काम करणार. म्हणजे तिलाही दिसणार नाही आणि मलाही. वॉर्डातल्या डॉक्टरांनी मला वेगळं सांगितलं, की तुमचं रक्त एकदम पायांत उतरतं, म्हणून कानात शिटी वाजायला लागली की मांड्यांचे स्नायू घट्ट आवळून धरा, म्हणजे पडणार नाही. हे मुलीनं ऐकलं. दुपारभर तिनं माझ्याकडून सराव करून घेतला. बाहुली झाली, मग माझी पाळी. सुई नसलेली सिरिंज माझ्या दंडाला लावायची आणि दुसऱ्या हातानं मांडी दाबून बघायची.

"सैल आहे. दगड करा."

"केली."

"अजून. मांडी दगड करा, बाबा."

वॉर्डातली सगळी माणसं हे बघत होती. एक आजी पदराआडून हसत होत्या. सफाईला आलेले मामा झाडू धरून थांबले होते. कारखान्यात माझ्या एका हाकेवर सगळा शॉप गप्प होतो, आणि इथे मी फुग्यांच्या चित्रांच्या भिंतीला टेकून दंड पुढे करून बसलो होतो.

खरी वेळ आली तेव्हा मलम लावून तास झाला होता. ती मांडीवर बसली. सिस्टर मागे गेल्या. साबणाच्या फुग्यांची काडी माझ्या हातात दिली होती, तिचं तोंड वळलेलं होतं त्या बाजूला मी लांब फुंकर घालायची आणि तिनं फुगे बघायचे, असं ठरलेलं. सिस्टर म्हणाल्या, "आता थंड लागेल." स्पिरिटचा वास आला आणि माझ्या कानात शिटी सुरू झाली. फुंकर नीट येईना, साबणाचं पाणी हनुवटीवर ओघळलं.

"बाबा, दगड," ती कानाशी म्हणाली.

मी मांड्या आवळल्या. तिला बसल्या जागी ते कळत होतं. "अजून," ती म्हणाली. मी अजून आवळल्या. मागे टेबलावर काहीतरी वाजलं, ती एकदा "आई गं" म्हणाली, आणि सिस्टरनी सांगितलं, झालं. मी पडलो नव्हतो. माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि हनुवटीवरून साबण गळत होता. खेळताईंनी टाळी वाजवली, तशी सगळ्या वॉर्डानं वाजवली. आनंद झालाच. पण त्या टाळ्या तिच्याइतक्याच माझ्यासाठीही होत्या, हे मला टोचलं.

संध्याकाळी बायको डबा काढता काढता म्हणाली, "एक विचारू का? राग मानू नका."

"विचार."

"तिचं लक्ष आज तिच्या हाताकडे नव्हतं, तुमच्या मांडीकडे होतं. बरं झालं, तिला दुखलं कमी. पण तिचं एवढं चाललेलं असताना तुम्हालाही तिनंच सांभाळायचं का?"

तो प्रश्न मी खेळताईंकडे नेला. त्या म्हणाल्या, "भीती तिला सांगायची, सांभाळायला नाही द्यायची. तुमचं तुम्ही आमच्याकडे घेऊन या. तिच्या कानाशी तुम्ही बोला, तिनं बोलायची वाट नका बघू."

ते शिकायला मला वेळ लागला. पुढच्या खेपांना मी स्पिरिटचा वास यायच्या आधीच मांड्या आवळून बसायचो आणि तिला एखादी गोष्ट सांगायला लागायचो. कारखान्यातल्या भटक्या मांजराची एक गोष्ट मी इतकी लांबवली, की त्या मांजराला शेवटी नातवंडं झाली. तरी मध्येच ती मोकळा हात खाली नेऊन माझी मांडी चाचपून बघायचीच. तिचे केस गेले, तोंडात फोड आले, एकदा ताप उतरेना म्हणून आम्ही फार घाबरलो, तेव्हाही ती सुईच्या वेळी चाचपायची. प्रत्येक वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हा हात खरं तर माझा तिच्या पाठीवर हवा, असं वाटायचं.

शेठ एक दिवस माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. सिस्टर ट्रॉली घेऊन येत होती. मला वाटलं, गाडीचं काढणार.

"पोरगी म्हणती, तुम्ही पण बसा," ते म्हणाले. "मला काय ते मांडीचं दाखवा बरं."

मी त्यांना दाखवलं. ते बसले. त्यांना लिलाव पुकारायची सवय, त्यामुळे पोरीच्या कानाशी ते हळू बोलूच शकेनात. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ते म्हणत होते, "काय नाय, काय नाय, झालं बघ, लय शूर हाय माझी." आणि बापाला दादा म्हणणारी ती पोरगी म्हणत होती, "दादा, हळू."

माझ्या मुलीचे उपचार संपले. ती शाळेत परत गेली, केस पहिल्यापेक्षा दाट आले. तपासण्या चांगल्या येत गेल्या. शेठच्या पोरीचा आजार मात्र उलटला. त्यांनी तिला मुंबईला नेलं, आणि काही महिन्यांनी आम्ही तपासणीला गेलो तेव्हा सिस्टरनी ती गेल्याचं सांगितलं. शेठचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. घरी येऊन मी तो काढला आणि ठेवून दिला. काय बोलायचं? माझी मुलगी तेव्हा मागच्या खोलीत दोरीवरच्या उड्या मारत होती आणि त्याचा आवाज फोनवर गेला असता. पुढेही कितीतरी वेळा मी तो नंबर काढला. फोन केला नाही.

परवा बायकोच्या चुलतभावाच्या लग्नासाठी लासलगावला जायचं होतं. बायको आदल्या दिवशीच गेली होती. मी आणि मुलगी मागून निघालो. मार्केटच्या बाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि आमची गाडी तिच्यात अडकली. काचेवर कुणीतरी टकटक केलं. शेठ होते. वाळले होते बरेच.

मी घाईनं खाली उतरलो. फोन करायचा राहिला, असं काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी ते चालू दिलं नाही.

"पोरगी कशी हाय तुमची?"

"बरी आहे," मी खाली बघत, जेमतेम ऐकू येईल असं म्हणालो.

"मग जरा मोठ्यानं सांगा की, भाऊ. चांगली गोष्ट हाय." ते गाडीत वाकले. मुलगी तोवर अकरा वर्षांची झालेली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लय मोठी झाली गं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मुंबईला शेवटपर्यंत मीच धरून बसायचो तिला. तिच्या आईला बसू द्यायची नाय ती." पुढे त्यांना आणखी काही बोलायचं होतं असं वाटलं, पण मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न द्यायला लागले आणि ते हात करून निघून गेले.

रांग पुढे सरकली. मुलीनं विचारलं, "हे त्या दीदीचे दादा ना? खेळताईंच्या खोलीतली?"

"हो."

"ती आता कुठे असते?"

हे तिला आम्ही कधी सांगितलं नव्हतं. दीदी मुंबईला असते, असंच सांगत आलो होतो. आताही तेच ओठांवर आलं. मी गाडी कडेला घेतली.

"ती वारली. दोन वर्षं झाली," मी म्हणालो. "तुला सांगायचं धाडस होत नव्हतं."

तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. कांद्याची सालं वाऱ्यानं रस्त्यावरून पळत होती. मग तिनं विचारलं, "तिचं आणि माझं एकच दुखणं होतं ना?"

"एकच होतं."

"मग मी कशी राहिले?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांनाही नीट सांगता येणार नाही."

ती रडायला लागली. मी सीटबेल्ट काढून तिच्याकडे सरकलो आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला आम्ही उशिरा पोचलो. अक्षता पडून गेल्या होत्या. एवढा वेळ कुठे होतात, असं बायकोनं विचारलं तेव्हा मी काही बोलायच्या आधी मुलगीच तिला बाजूला घेऊन गेली आणि सांगायला लागली.